घरी बांधलेल्या स्लेजमागची हजारो वर्षं

हिवाळ्यात बर्फाळ रानात मुक्काम करायचा म्हटलं की सामान फुगतं. जाड स्लीपिंग बॅग, वाऱ्यात टिकणारा तंबू, फावडं, जास्तीचं खाणं आणि प्यायला बर्फ वितळवावा लागतो म्हणून जास्तीचं इंधन. बघता बघता २५-३० किलो होतात. एवढं ओझं पाठीवर घेऊन स्कीवर तोल सांभाळणं कठीण, आणि पडल्यावर मऊ बर्फातून उठणं त्याहून कठीण. शिवाय सॅकखाली पाठ घामेजते आणि थांबल्याबरोबर तो घाम गारठवतो. म्हणून सामान स्लेजवर, म्हणजे बर्फावरून सरकणाऱ्या बिनचाकी गाडीवर, बांधून कमरेने ओढत न्यायची पद्धत आहे. तयार स्लेज महाग पडतात, तेव्हा बरेच जण मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी, दोन पाइप, दोरी आणि जुन्या सॅकचा कंबरपट्टा घेऊन ती स्वतःच बांधतात. याला पैसे वाचवण्याचा जुगाड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इतिहासाचा बराच काळ स्लेज वापरणाऱ्यानेच बांधली आहे, आणि तिचा आकार त्याच्या वाटेवरच्या बर्फाने ठरवला आहे.

फिनलंडमधल्या हेइनोला इथे सापडलेला स्लेजचा लाकडी रनर, म्हणजे खालची घसरती पट्टी, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. चाकाच्या कितीतरी आधीचा. पुढे प्रत्येक प्रदेशाने आपापली स्लेज घडवली. कॅनडाच्या जंगलांत बर्फ खोल आणि भुसभुशीत; तिथे रनर रुतून बसतात. म्हणून तिथल्या आदिवासींनी रनरच काढून टाकले: पातळ फळ्या वाफ देऊन पुढे वळवायच्या आणि आडव्या काठ्यांना चामड्याच्या वादीने बांधायच्या. हीच टोबॉगन. ती अरुंद ठेवायची, म्हणजे पुढे चालणाऱ्याच्या स्नोशूंनी (बर्फात रुतू नये म्हणून पायाला बांधायच्या रुंद जाळ्यांनी) दाबलेल्या वाटेतून ती नीट सरकते. आर्क्टिकच्या गोठलेल्या समुद्रावर बर्फ टणक आणि उंचसखल. तिथे इन्युइट लोकांची लांब, उंच रनरची कामुतिक चालते. तिचे सांधे खिळ्यांनी ठोकत नाहीत, बांधतात. त्यामुळे उंचवट्यावर आपटली तरी ती लवते, मोडत नाही. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांची रेनडिअरने ओढायची स्लेज होडीच्या आकाराची असे. आजच्या पल्कचं, म्हणजे कमरेने ओढायच्या छोट्या स्लेजचं, मूळ तिच्यातच आहे.

माणसाने स्वतः ओढायच्या स्लेजचा विचार नॉर्वेचा ध्रुवीय प्रवासी फ्रिट्योफ नान्सेन याने नव्याने केला. १८८८ साली तो पाच साथीदारांसह ग्रीनलंडचा हिमपठार ओलांडायला निघाला. त्या पाचांत दोघे सामी होते. कुत्रे नव्हते, माणशी साधारण १०० किलो ओझं होतं. तोवरच्या ध्रुवीय मोहिमांच्या अवजड स्लेज अरुंद रनरमुळे मऊ बर्फात बुडायच्या. नान्सेनने नॉर्वेतल्या खेड्यापाड्यांत वापरात असलेली, स्कीसारख्या रुंद पट्ट्यांची साधी स्लेज समोर ठेवली, तिचं वजन कमी केलं आणि सांधे खिळ्यांऐवजी बांधून घेतले. ऑगस्टच्या मध्याला पूर्वेकडून चढायला लागलेली ही तुकडी सप्टेंबरअखेर पश्चिम किनाऱ्यावर उतरली. वारा पाठीशी असला की त्यांनी स्लेज एकमेकींना जोडून त्यांवर शीडही उभारलं. त्यानंतर कितीतरी दशकं ध्रुवीय मोहिमांनी याच नमुन्याची स्लेज वापरली.

पण चांगली स्लेजसुद्धा थंडीपुढे हतबल होते. १९११ च्या दक्षिणी हिवाळ्यात, अंटार्क्टिकाच्या अखंड काळोखात, ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरकडे निघाले. पारा उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत गेला. एरवी स्लेज सरकताना घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा एक अतिशय पातळ थर वितळतो आणि तोच वंगणाचं काम करतो. इतक्या थंडीत तो थर तयारच होत नाही. बर्फ वाळूसारखा धरून ठेवतो. दोन्ही स्लेज एकत्र ओढता येईनात, म्हणून एक पुढे नेऊन ठेवायची आणि परत येऊन दुसरी न्यायची. एक मैल पुढे जायला तीन मैल चालणं. रनरखाली काय लावावं यावर स्लेज बांधणारे आजही इतका खल का करतात, ते इथे कळतं.

सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनिश सैन्याने होडीसारख्या स्लेजवरून मशीनगन नेल्या आणि जखमी सैनिकही आणले. पुढे लाकडाची जागा फायबरग्लासने घेतली आणि नंतर पॉलिथिलीन आलं. पॉलिथिलीन स्वस्त, लवचीक, पाणी न पिणारं. त्याची घसरगाडी घरोघरी पोचली आणि हौशी माणसाला स्लेजचा तळ आयता मिळाला.

आता अडचण उरली जोडणीची. नुसत्या दोरीने ओढलेली स्लेज चढावर छान येते, उतारावर मात्र पोटऱ्यांवर येऊन आदळते. म्हणून दोरीच्या जागी ताठ दांडे आले. दांडे समांतर ठेवले तर वळताना स्लेज फटकून बाहेर जाते. एकमेकांवर फुली करून बांधले की ती ओढणाऱ्याच्या मागोमाग वळते. ही फुली मला घरगुती स्लेजमधली सर्वांत देखणी युक्ती वाटते. दांड्यांसाठी पीव्हीसी पाइप सहज मिळतो, पण कडाक्याच्या थंडीत तो ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून अनुभवी लोक त्यातून दोर ओवून ठेवतात किंवा थेट फायबरग्लासची कांडी वापरतात. आडव्या उतारावर स्लेज खाली घसरू नये म्हणून तळाला मागच्या बाजूस ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्या लावतात. सामान मात्र जमेल तितकं खाली आणि किंचित मागे बांधायचं, नाहीतर पट्ट्या असूनही स्लेज कलंडते.

हिमनद्यांवर हिशोब बदलतो. अलास्कात डेनाली शिखरावर चढणारे काहिल्टना हिमनदीवर साध्या प्लॅस्टिकच्या स्लेज ओढतात, पण तिथे सहसा ताठ दांडे नसतात. गिर्यारोहक भेगेत पडला तर स्लेज त्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून ती गिर्यारोहकांना एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य दोरालाही बांधलेली असते. उतरताना तिला आवरायला तळाखालून गाठी मारलेली दोरी आडवी घेतात. लाकडी स्लेजच्या काळात ध्रुवीय प्रवासी रनरभोवती दोर गुंडाळत, तेही याच कामासाठी.