कोपऱ्यातला आकडा येतो कुठून?

खालापूरचा टोलनाका मागे पडून चढ सुरू झाला, तशी डावीकडे लाल कडीतली ६० च्या वेगमर्यादेची पाटी गेली. भाऊजींच्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या फोनवरच्या नकाशाच्या कोपऱ्यात मात्र मर्यादेचा १०० तसाच.

‘‘भाऊजी, बोर्ड साठचा होता.’’

‘‘फोन शंभर म्हणतोय ना! सॅटेलाइटला वरून सगळं दिसतं,’’ असं म्हणत त्यांनी पाय होता तिथेच ठेवला. पुढे दोन ट्रक शेजारी-शेजारी रांगत होते, म्हणून वाद तेवढ्यावर मिटला.

सॅटेलाइटला वरून यातलं काहीही दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि मुख्यतः दोनच गोष्टी सांगत राहतात: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. रस्ता त्यांना ठाऊक नसतो, आणि भाऊजींची गाडी तर नसतेच. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन स्वतःच स्वतःची जागा काढतो. वेगमर्यादा या हिशेबात कुठेच येत नाही.

घोळ होतो तो दोन आकडे शेजारी दिसतात म्हणून. एक आपला वेग, दुसरा मर्यादा. पहिला खरोखर मोजलेला असतो, आणि फार बारकाईने. प्लॅटफॉर्मवर उभं असताना भोंगा वाजवत गाडी धडधडत निघून गेली की भोंग्याचा सूर खाली उतरतो, तोच डॉप्लर परिणाम इथे रेडिओलहरींवर वापरतात. उपग्रहाच्या एका लहरीची वारंवारता सेकंदाला सुमारे १५७ कोटी ५४ लाख कंपनं इतकी असते. ताशी १०० किलोमीटरने आपण थेट उपग्रहाकडेच निघालो (निघत नाही, पण समजा), तर तीत जेमतेम १४६ कंपनांचा फरक पडेल. फोनमधली चिप हा फरक पकडते. त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली, एकसारख्या वेगात, फोनवरचा वेग ताशी एखाद्या किलोमीटरनेही क्वचितच चुकतो. गाडीचा स्पीडोमीटर त्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो, तो बिघाड नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी सूट आहे. खरा वेग १०० असताना काटा ११४ वर असला तरी नियमात बसतं.

दुसऱ्या आकड्याची जात वेगळी. तो सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा असतो. शेतातली विहीर बुजून दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर ‘विहीर १’ असतेच. नकाशाच्या संगणकी दप्तरात रस्त्याचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे मर्यादा लिहिलेली असते. ती कोणीतरी कधीतरी लिहिली, म्हणून आहे. कधी कॅमेरे लावलेली गाडी फिरून पाट्यांचे फोटो गोळा करते. कधी वाहतूक पोलीस माहिती देतात. २०२२ मध्ये गूगल मॅप्सने भारतात वेगमर्यादा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा बंगळुरूपासून याच मार्गाने केली. ओपनस्ट्रीटमॅप तर बहुतांशी स्वयंसेवकांनीच भरलेला नकाशा आहे. आणि जिथे कोणीच काही लिहिलेलं नसतं, तिथे रस्त्याची वर्गवारी पाहून अंदाजाने आकडा टाकता येतो. माझी तक्रार इथे आहे. पाहून लिहिलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा पडद्यावर अगदी सारखे दिसतात. अंदाजाचा आकडा निदान फिकट रंगात दाखवायला काय हरकत आहे?

बरं, मूळ नोंद तरी एका जागी असते का? मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर वेगळी मर्यादा लावतं, तेव्हा राजपत्रात अधिसूचना काढायची आणि रस्त्यावर पाटीही लावायची असते. पण निर्बंध महिन्याभरापेक्षा जास्त चालणार नसेल, तर राजपत्राची गरज नाही. म्हणजे पुलाच्या कामासाठी तीन आठवडे लावलेली ३० ची मर्यादा फक्त पाटीवर जगते आणि पाटीबरोबर जाते. घरात बसून राजपत्रं चाळणाऱ्या नकाशावाल्याला ती कळणारच नाही. आणि ती पाटीसुद्धा दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेली, की कॅमेऱ्याच्या गाडीलाही दिसणार नाही.

उलट टोकाचं उदाहरण वेल्सचं. तिथे वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा १७ सप्टेंबर २०२३ रोजी ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आली. एका रात्रीत देशभरच्या नोंदी शिळ्या झाल्या. ज्यांच्या गाडीतला नकाशा सर्व्हिसिंगच्या वेळीच बदलतो, त्यांच्या पडद्यावर ३० राहणारच. पुढे काही रस्ते पुन्हा ३० वर गेले, तेव्हा त्यातले काही जुने नकाशे काहीही न करता बरोबर ठरले असतील.

नोंद अचूक असली तरी ती योग्य रस्त्याची वाचली जाईलच असं नाही. उघड्यावर फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत चुकते आणि आपली एक लेन साडेतीन मीटरची. महामार्ग आणि त्याला चिकटलेला सर्व्हिस रोड यांत फोन गोंधळतो, तो याच हिशेबाने. मुंबईत जे. जे. उड्डाणपूल मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरूनच जातो. दोन्हींचे अक्षांश-रेखांश एकच, फरक फक्त उंचीचा, आणि उंची सांगण्यात जीपीएस आधीच कच्चं. मग आपण कुठून आलो, कुठे वळलो, यावरून फोन ‘हा बहुधा पुलावर असावा’ असं ठरवतो.

शिवाय गाडी कोणती, हे फोनला आपण सांगितलं तरच कळतं. समृद्धीवर कारला १२० आणि जड वाहनांना ८० ची मर्यादा आहे. टेम्पोवाल्याने कारसाठीचं ॲप लावलं, तर त्याला १२० चा आकडा दिसणार, आणि नोंद तर चुकीची नाही!

यावर उपाय म्हणून गाडीलाच पाट्या वाचायला शिकवतात. युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकाला वेगमर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेरा, नकाशा किंवा दोन्हींवर चालते. तिच्या चाचणीत मर्यादा एकूण अंतराच्या ९० टक्के भागात बरोबर ओळखली की पुरे. म्हणजे शंभर किलोमीटरांत दहा किलोमीटर चुकलं तरी पास. सध्याच्या तंत्राची कुवत पाहता मला हा नियम प्रामाणिक वाटतो. कॅमेरा फसतोही सहज. २०२० मध्ये मॅकअ‍ॅफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३५ च्या पाटीवरच्या तिनाची मधली रेघ काळ्या चिकटपट्टीने थोडी लांबवली. माणूस ते ३५ च वाचेल. २०१६ च्या टेस्ला गाडीने ८५ वाचलं आणि वेग वाढवायला घेतला. नंतरचे कॅमेरे सुधारले, पण महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्याची ४० ची पाटी मुख्य रस्त्याचीच समजणं, हा घोळ अजून होऊ शकतो.

गेल्या दिवाळीत भाऊजींनी नवी गाडी घेतली, पाट्या वाचणारी. फोनची सवय मात्र सुटलेली नाही. पुन्हा तोच घाट, पुन्हा तीच ६० ची पाटी. त्या जागची चूक मी मधल्या काळात त्यांच्या ॲपवर कळवली होती. ‘आभारी आहोत, तपासतो’ असा निरोपही आला होता, तरी फोनवर १००. तेवढ्यात काट्याशेजारी ८० उमटलं.

‘‘आता हे कुठून आलं?’’ भाऊजी.

मी समोर बोट दाखवलं. पुढच्या ट्रकच्या मागे, ‘हॉर्न ओके प्लीज’च्या शेजारी, त्याच्या स्पीड गव्हर्नरचा, म्हणजे वेग रोखून धरणाऱ्या यंत्राचा, गोल स्टिकर होता: ८०. ट्रक स्वतः पंचविसाने चालला होता.