आठवी-नववीच्या सांध्यावरची गळती : पार्श्वभूमी

गळती हा शब्द आपल्याकडच्या शैक्षणिक लेखनात स्थगितीच्या जोडीने आला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी अवघी अठरा १९२५-२६ साली चौथीत होती, असे १९२९ च्या एका अहवालात नोंदवले आहे. एकाच इयत्तेत अडकून राहणे ही स्थगिती आणि शाळाच सुटणे ही गळती. अडकलेले मूलच पुढे गळते, हा त्या दोहोंमधला संबंध तेव्हाच ध्यानात आला होता.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली, ती याच अनुभवातून. या तरतुदीवर बराच वाद झाला. नापास न करणे आणि वर्षभर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करणे या एकाच तरतुदीच्या दोन बाजू होत्या. प्रत्यक्षात पहिली बाजू तेवढी अमलात आली आणि मूल्यमापन बव्हंशी नोंदी भरण्यापुरते उरले. परिच्छेद अडखळत वाचणारी मुले नववीत आली, तिथे आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली, आणि दहावीचा निकाल राखण्यासाठी नववीतच गाळणी लावणाऱ्या शाळांना ती नकोशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा, दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसवल्याने वाचता येऊ लागते, असे मानायला मला आधार दिसत नाही. ही जुनी स्थगितीच आहे.

या वादात वयाची रेषा मात्र दुर्लक्षित राहिली. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी, म्हणजे आठवीपाशी संपतो. आणि २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा ते अठरा वयोगटाला बंदी आहे ती केवळ धोकादायक कामांची. ज्या वयात शाळेची सक्ती संपते, त्याच वयात मजुरी कायदेशीर होते. पुष्कळ गावांतली शाळा सातवीपर्यंतच असल्याने त्याच सुमारास शाळाही बदलावी लागते. मुलीचा दाखला निघतो, गावच्या शाळेच्या पटावरून नाव कमी होते, आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात तो दाखला पोचलाच नाही, तर ती दोन्ही रजिस्टरांत नसते.