पार्श्वभूमी : देवाचा क्रोध, पुत्राची संमती आणि गाळलेलं एक स्तोत्र

गुड फ्रायडे जवळ आला की ख्रिस्ती मंडळींत एक जुना वाद हटकून डोकं वर काढतो. ख्रिस्त वधस्तंभावर मेला, तो नेमकं कुणाचं देणं फेडायला? या वादाला आजचं रूप आलं २०१३ मध्ये, आणि निमित्त होतं एका स्तोत्रातली एक ओळ. अटक, पिलातापुढची चौकशी, तिसऱ्या दिवसाची रिकामी कबर हे सगळं वाचकाला ठाऊक आहे असं धरून थेट त्या ओळीकडे वळू.

अमेरिकेतलं एक मोठं प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) चर्च तेव्हा नवा स्तोत्रसंग्रह काढत होतं. समितीने काही वर्षं खपून आठशेहून अधिक गीतं निवडली होती. त्यांत २००१ मध्ये लिहिलेलं एक गीत जवळजवळ पक्कं झालं होतं. इंग्रजीतून उपासना करणाऱ्या चर्चमध्ये ते एव्हाना घरचं झालं होतं. त्याच्या दुसऱ्या कडव्यात येशू मेला तेव्हा देवाचा क्रोध शमला, अशा आशयाची ओळ आहे. समितीने मात्र जो पाठ पसंत केला होता, तो बाप्टिस्टांच्या २०१० च्या एका संग्रहातला होता. त्यात ही ओळ बदलून, येशू मेला तेव्हा देवाच्या प्रेमाची थोरवी गायली गेली, असं केलं होतं. छपाईचे हक्क मागताना घोळ उघड झाला. गीतकारांनी सांगितलं की हा बदल आम्हाला मान्य नाही, घ्यायचं तर मूळ ओळीसकट घ्या.

समितीपुढे दोनच वाटा उरल्या. मतदान झालं. ६ मतं गीताच्या बाजूने, ९ विरोधात. गीत गळलं.

इथवर ही एका समितीची घरगुती गोष्ट होती. पुढे समितीच्या अध्यक्षांनी एका नियतकालिकात निवडीची हकीकत लिहिली आणि बातमी फुटली. ‘उदारमतवाद्यांनी देवाचा क्रोधच पुस्तकातून काढून टाकला’ असा गवगवा झाला. वास्तविक तसं काही नव्हतं. देवाच्या क्रोधाचा उल्लेख असलेली इतर गीतं त्या संग्रहात जागच्या जागी आहेत. अध्यक्षांनीही तेच सांगितलं: आक्षेप क्रोधाला नाही, तो ‘शमला’ याला आहे. क्रूस म्हणजे मुख्यतः देवाचा राग निवावा म्हणून झालेली गोष्ट, ही समजूत पुढच्या पिढीच्या तोंडी गाण्यातून बसवायची का, असा समितीतल्या बहुमताचा प्रश्न होता. गीतात असं आहेच, बायबलमध्येही आहे, मग लपवायचं कशाला, हा अल्पमताचा.

या निर्णयावर ढिगाने लिहिलं गेलं आणि त्यातलं बरंच निव्वळ तावातावाने. दुसऱ्याच्या गीतातली ओळ परस्पर बदलणं बरोबर नाही, एवढा गीतकारांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. प्रेमाची ओळ घातली म्हणून प्रश्न सुटत होता असंही नाही. प्रेमाची थोरवी गायची तर ज्याचा जीव जातोय त्याची त्यात राजीखुशी होती का, हे आधी विचारावं लागतं. ते दोन्ही बाजूंनी फारसं कुणी विचारलं नाही.

‘शमला’ या कल्पनेचं मूळ म्हणून आक्षेपाची बोटं दाखवली गेली ती अकराव्या शतकाकडे. १०९८ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने राजाशी बिनसून इटलीत मुक्काम असताना एक ग्रंथ पुरा केला. देवाला माणूस का व्हावं लागलं, हा त्याचा विषय. सरंजामी युरोपात माणसाची किंमत त्याच्या मानमरातबावर ठरे, अपराधाची भरपाईही ज्याचा अपमान झाला त्याच्या दर्जानुसार. पापाने देवाच्या मानाला बट्टा लागतो. भरपाई माणसाने करायला हवी, पण करू शकतो फक्त देव, म्हणून देव-मनुष्य. पुष्कळांना हे हिशेबी वाटतं, आणि ते आहेही. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. या मांडणीत भरपाई आणि शिक्षा हे पर्याय आहेत: भरपाई झाली तर शिक्षा टळते. ख्रिस्त तिथे शिक्षा भोगत नाही, न मागितलेलं दान देतो. आणि पित्याने त्याला मरायला भाग पाडलं नाही, यावर लेखक पानंच्या पानं खर्च करतो.

शिक्षेची भाषा ठळक झाली ती सोळाव्या शतकात, जिनिव्हात. तिथल्या प्रॉटेस्टंट सुधारकाचं शिक्षण वकिलीचं होतं आणि ते त्याच्या लिखाणात दिसतं. माणूस आरोपी, देव न्यायाधीश, आणि दोषी माणसाला व्हायची ती शिक्षा निर्दोष ख्रिस्ताने आपल्या अंगावर घेतली. २०१३ मध्ये वादात सापडलेल्या त्या ओळीत हे दोन्ही धागे एकत्र पिळलेले आहेत. समितीने कँटरबरीच्या खात्यावर जे मांडलं, त्यातलं निम्मं कर्ज जिनिव्हाचं होतं.

त्याच्या मागच्या हजार वर्षांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. पहिल्या शतकांत खंडणीचं चित्र लोकप्रिय होतं: माणूस सैतानाच्या कैदेत, ख्रिस्ताचा जीव ही सुटकेची रक्कम. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या एका बिशपने यावर नेमका प्रश्न विचारला, की ही रक्कम दिली कुणाला? सैतानाला दिली म्हणावं तर लाजिरवाणं, आणि पित्याला म्हणावं तर त्याने कुठे आपल्याला कैद केलं होतं? त्याचं समाधानकारक उत्तर तेव्हा आलं नाही. आजही रविवारी म्हटला जाणारा चौथ्या शतकातला विश्वासांगीकार (श्रद्धेचं ठरलेलं जाहीर निवेदन) ख्रिस्त ‘आमच्यासाठी’ क्रुसावर खिळला गेला इतकंच म्हणून थांबतो. ते मरण कसं तारतं याचा एकच एक सिद्धांत प्राचीन चर्चच्या कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने, म्हणजे ठिकठिकाणच्या बिशपांच्या सभेने, बांधून दिला नाही. एरवी एकेका शब्दावरून माणसं हद्दपार करणाऱ्या काळात ही मोकळीक नवलाचीच.

‘स्वेच्छेने’ म्हणजे काय, यावर मात्र एक परिषद भरली, आणि तिच्याआधी रक्तही सांडलं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. गेथशेमाने बागेत तोच म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मग ही दुसरी, बिचकणारी इच्छा कुणाची? सातव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराला पूर्व रोमन साम्राज्यातली भांडणं मिटवायची होती. ख्रिस्ताला इच्छा एकच, आणि ती दैवी, असा तोडगा पुढे आला. तो पचेना तेव्हा ६४८ मध्ये या विषयावर बोलायलाच बादशाही फर्मानाने बंदी घातली गेली. एका वयोवृद्ध मठवाशाने ती मानली नाही. त्याचं म्हणणं असं, की ख्रिस्ताला माणसाची इच्छाच नसेल तर बागेत ‘हो’ म्हटलं कुणी? देवाने देवाला होकार दिला तर त्यात माणसाचं काय गेलं? ६६२ मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात कापून काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्जियात, धाडून दिलं. तिथे तो त्याच वर्षी वारला. ६८१ मध्ये संपलेल्या परिषदेने ख्रिस्ताला दोन इच्छा असल्याचं, म्हणजे त्याचंच म्हणणं, ग्राह्य धरलं. ठरावात त्याचं नाव नाही.

आजच्या भांडणात हा निकाल कुणी फारसा काढत नाही, आणि तो काढायला हवा असं मला वाटतं. तापट बाप आणि मुकाट मार खाणारं लेकरू असं क्रुसाचं चित्र या निकालापुढे टिकत नाही. बागेतला माणूस घाबरला, नको म्हणाला आणि मग स्वतः उठून चालत गेला.

कॅथलिक बाजूचा प्रवास वेगळा. प्रॉटेस्टंट सुधारकांनी ‘एकदाच’ या नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्रातल्या शब्दावर बोट ठेवून मिस्सा (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची कॅथलिक उपासना) हा पुन्हा पुन्हा केलेला बळी ठरवला. त्याला उत्तर म्हणून १५६२ मध्ये इटलीच्या उत्तरेला त्रेंतच्या परिषदेने सांगितलं की मिस्सा खरंच बलिदान आहे. बळी तोच, अर्पण करणाराही तोच, फक्त अर्पणाची रीत निराळी. वसईकडे लोक आजही ‘मिस्साबलिदान’ म्हणतात त्यामागे हा निकाल आहे. १९६८ मध्ये रोमने मिस्साच्या ज्या नव्या कृतज्ञताप्रार्थना दिल्या, त्यांतली सर्वांत आखूड, म्हणून कामाच्या दिवशी धर्मगुरूंची आवडती, भाकर हातात घेण्याच्या वर्णनाआधी सांगते की ख्रिस्त आपल्या दुःखसहनाला स्वेच्छेने सामोरा गेला. हा तपशील तिने फार जुन्या प्रार्थनेतून उचलला आहे. त्रेंतच्या खंडनमंडनात मागे पडलेला मुद्दा असा आयताच परत आला.

मराठीत ही कथा पहिल्यांदा भव्य रूपात आली ती ओवीतून. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं. गोव्यातल्या साष्टीत राहिलेल्या एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघातल्या धर्मगुरूने, ते लिहिलं, १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं आणि देवळांत वाचलं-गायलं जाऊ लागलं. त्रेंत होऊन जेमतेम अर्धं शतक लोटलं होतं. पण ओवी ही काही कोर्टाची भाषा नव्हे. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी प्रायश्चित्त, खंडणी, नीतिमान ठरणं हा सगळा कायदेशीर संच मराठीत आणला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला काम केलेल्या कवीने मात्र भजनांत त्याच ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत टाळ-मृदंगावर ही भजनं म्हणणाऱ्यांना वधस्तंभ कळला तो बहुधा या वाटेने, न्यायालयाच्या वाटेने कमी.

आता परत अलीकडे. २०१३ चं मतदान आकाशातून पडलं नव्हतं. १९८९ मध्ये दोन अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका लेखात विचारलं होतं, की बाप मुलाचा छळ होऊ देतो आणि मुलगा आज्ञाधारकपणे सोसतो, या गोष्टीला आपण तारण म्हणतो तेव्हा घरोघरच्या बायकांना आपण काय शिकवतो? २००३ मध्ये एका ब्रिटिश इव्हँजेलिकल (कडवे बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट) नेत्याने शिक्षेच्या सिद्धांताला जवळपास याच शब्दांत झोडपलं. मग मात्र आग लागली, कारण बोलणारा घरातला होता. २००५ मध्ये लंडनमध्ये यावर परिसंवाद झाला. समेट दूरच, २००७ मध्ये दर ईस्टरला भरणारं एक मोठं संमेलन चालवणाऱ्या संस्था याच मुद्द्यावरून वेगळ्या झाल्या. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने २०१७ मध्ये फीनिक्सच्या वार्षिक सभेत ठराव करून शिक्षेचाच सिद्धांत पुन्हा ठामपणे उचलून धरला.

१९८९ चा तो लेख क्रूस समजून घेण्यात कमी पडतो, असं त्याचे टीकाकार म्हणतात, आणि ६८१ चा निकाल पाहता त्यांच्या बाजूने बोलता येतं. पण त्यातला सवाल धर्मशास्त्राचा कमी आणि पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, खोलीतला जास्त आहे. नवरा मारतो म्हणून सांगायला आलेल्या बाईला ‘प्रभूने सोसलं, तूही आपला क्रूस उचल’ असं सांगणारे पाळक आपल्याकडेही आहेत. त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं आणि तिने होकार दिलेला नसतो. जो प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही असं ख्रिस्त म्हणाला, तो इथे घेतला जात असतो, त्यामुळे या मारहाणीला त्याच्या बलिदानाचा दाखला लागूच पडत नाही. हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगणारी प्रवचनं गुड फ्रायडेला अजून फार थोडी होतात.