ओठ शिवला, टाळूचं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीकडच्या एका गावात एका आजीने नातू माझ्यापुढे उभा केला. पोरगं चार वर्षांचं. डाव्या नाकपुडीखाली ओठावर बारीक पांढरट रेघ, टाके अगदी सुबक बसलेले. "बाई, याले शिबिरात नेलं होतं. पाय ना, कसा मस्त झाला ओठ! आता याले काईच नाई."

मी पोराला म्हटलं, "बाबा म्हण." तो म्हणाला, "मामा." पुन्हा सांगितलं, पुन्हा "मामा". त्याचा मामा दाराशीच उभा होता, तो खूश झाला. मी टॉर्च काढली. टाळूला मधोमध फट होती, थेट पडजीभेपर्यंत.

दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांची नावं एका दमात घेतली जातात, सरकारी तपासणीच्या यादीतही दोन्ही एकाच ओळीत असतात. म्हणून ओठ शिवला की आजार संपला असं घरच्यांना वाटतं. पण गर्भात ओठ जुळतो साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, आणि टाळू सहाव्या ते नवव्या. एखाद्या बाळाचा फक्त ओठ दुभंगतो, एखाद्याची फक्त टाळू, काहींचं दोन्ही. (ग्रहणात आईने विळी धरली म्हणून असं झालं, हे अजूनही ऐकू येतं. पण त्या आठवड्यांत पुष्कळ बायांना दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं. आनुवंशिकता, तंबाखूचा धूर, फिटची काही औषधं यांचा संबंध आहे, विळीचा नाही.)

ओठ बाळंतपणाच्या खोलीतच दिसतो, रडारड होते, पाहुणे कुजबुजतात. टाळू एकटीच दुभंगलेली असेल तर ती कोणी तोंडात डोकावल्याशिवाय कळतच नाही. कधी तर वरची त्वचा अखंड असते आणि आतला स्नायू जुळलेला नसतो. तिथे दोन टोकांची पडजीभ दिसली तरच शंका येते. नवजात बाळाच्या तोंडात टॉर्च मारून पार मागेपर्यंत पाहावं, हे मी प्रत्येक आशाताईला सांगत असते.

खरा फरक दूध पाजताना कळतो. नुसता ओठ दुभंगला असेल तर बाळ बहुधा अंगावर पितं. स्तनाचा मऊ भागच ती खाच बुजवतो. टाळू उघडी असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून पाहा, म्हणजे त्या बाळाची कसरत समजेल. ते तासभर चुपूचुपू करतं, दमून झोपतं, दूध नाकातून येतं, आणि वजन मात्र वाढत नाही. मग "आईले दूध नाई" म्हणून सगळं खापर तिच्यावर. दूध असतं, फक्त ते काढून वाटी-चमच्याने नाहीतर जुन्या बोंडल्याने पाजावं लागतं. बाळ आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरायचं, घोट घोट द्यायचं, मधेमधे ढेकर काढायचा.

कानाचंही तसंच. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडणारा स्नायू टाळूतच असतो. तो नीट जोडलेला नसला की पडद्यामागे पाणी साचतं आणि पोर हाकेला ओ देत नाही. घरचे म्हणतात, हट्टी आहे.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत होतं. त्यासाठी दहाचा जुना हिशेब आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. टाळूचं होतं साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, बोलणं पक्कं होण्याआधी. या दोन तारखांच्या मधे कित्येक महिने जातात, आणि आमच्याकडची पोरं हरवतात ती याच मधल्या काळात.

फिलिपिन्सला एका मिशनवर, म्हणजे ओठ-टाळूच्या मोफत ऑपरेशनच्या दौऱ्यावर, मी स्वयंसेवक नर्स म्हणून गेले होते, तिथेही मला तेच दिसलं. असे दौरे करणाऱ्या ऑपरेशन स्माइल या संस्थेची 1982 मध्ये सुरुवात ज्या दौऱ्यातून झाली तो त्याच देशातला, आणि संस्थापक जोडप्यातली कॅथलीन मॅगी स्वतः नर्स. तिथे मी दोन शब्द शिकले. दुभंगलेल्या ओठाला 'बिंगोट', आणि नाकातून बोलणाऱ्याला 'ङोङो'. आपला 'गेंगाणा' तसाच, आवाजाची नक्कल करून चिडवणारा. चिडवण्यापुरते का होईना, त्यांनी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत.

तिथल्या वॉर्डात ओठाचं पोर सांभाळायचं म्हणजे टाके सांभाळायचे. सलाईनच्या पाण्याने खपली पुसायची, मलम लावायचं, आणि हात तोंडाशी जाऊ नये म्हणून कोपराला खपाची बांधायची. टाळूच्या पोराची रात्र मात्र बसून काढावी लागते. त्याला कुशीवर झोपवायचं आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवायची. दुसऱ्या रात्री एक मुलगी शांत झोपलेली होती, बाहेर रक्ताचा ठिपका नाही, पण गळा सारखा हलत होता. झोपेत सारखं काहीतरी गिळत होती. म्हणजे आत रक्त झिरपत होतं आणि ते पोटात जात होतं. टॉर्च मारली, सर्जनला उठवलं. फक्त उशीवरचा अभ्रा पाहिला असता तर सकाळपर्यंत कळलं नसतं.

निघताना ओठाच्या पोरांच्या आया आरसा पुढे धरत होत्या. टाळूच्या पोराच्या आईला दाखवायला काहीच नव्हतं. वर दोन-तीन आठवडे पातळच द्यायचं, तोंडात चमचा-काडी घालायची नाही, प्रत्येक वेळी खाल्ल्यावर पाणी पाजायचं, अशी बंधनं. आवाजही लगेच बदलत नाही, त्याला पुढे महिनोन् महिने वाचाउपचार लागतात, आणि तोवर मिशनचं विमान केव्हाच गेलेलं असतं. मिशनचे आधी-नंतरचे फोटो पाहा, सगळे ओठांचे. टाळूचा फोटो कोण लावणार?

आपल्याकडे विमानाची वाट पाहायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत येतं, अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत.

झरीच्या त्या पोराच्या नाकाखाली मी छोटा आरसा धरला आणि "पापा" म्हणायला लावलं. आरसा धूसर झाला. मग त्याच्या मामाला तेच "पापा" म्हणायला लावलं, आरसा लख्ख. म आणि न नाकातूनच निघतात, म्हणून "मामा" त्याला जमत होतं. प, ब, क, त यांना तोंडात हवा कोंडावी लागते, आणि त्याची हवा वर निसटत होती. चार वर्षं म्हणजे उशीर झाला होता, पण फट बंद करून घेण्यात फायदा होताच, मी सांगितलं. बोलणं मात्र शिकवून घ्यावं लागणार.

आजी आरशाकडे बघत राहिली. "मंग पुन्हा नागपूरले न्या लागते काय?"

"हो आजी."

"कापूस निघू दे, मंग पाहू."

पहिल्या वेचणीनंतर की शेवटच्या, ते मी विचारून घेतलं, आणि मामाचा फोन नंबर वहीत लिहिला.