फाउंटन पेनच्या शाईची कागदावरील चाचणी

फाउंटन पेनची शाई निरनिराळ्या कागदांवर कशी वागते, म्हणजे किती फुटते, किती वेळात वाळते, मागे उमटते का, पाण्यात व उन्हात टिकते का, हे ठरवण्यासाठी केलेले तुलनात्मक लेखन. दौतीत दिसणारा शाईचा रंग आणि कागदावर वाळलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाई, कागद आणि पेन या तिघांच्या मेळातून अक्षर उमटते. त्यामुळे ‘ही शाई फुटते’ हे विधान कोणत्या कागदावर आणि कोणत्या निबने, हे सांगितल्याशिवाय निरुपयोगी ठरते. चाचणीची सगळी शिस्त एवढ्यासाठीच असते की या तिघांपैकी एका वेळी एकच बदलावा.

फाउंटन पेनची बहुतेक शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. त्यात निबवर शाई लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा पदार्थ, प्रवाह सुधारण्यासाठी पृष्ठताण कमी करणारे द्रव्य आणि बुरशीरोधक असतो. दुसरा प्रकार लोह-टॅनिन शाईचा. हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि मायफळ किंवा हिरडा यांतील टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगातून ही शाई होते. लिहिताना ती फिकी असते आणि हवेतील ऑक्सिजनने कागदाच्या तंतूंत काळी पडते. भारतीय मानक आयएस २२० अशाच शाईचे असून त्यात लोहाचे प्रमाण ०.१ टक्का धरले आहे. तिसरा प्रकार रंजककणांच्या शाईचा, उदा. प्लॅटिनम या जपानी कंपनीची ‘कार्बन’ शाई. यात रंग विरघळलेला नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतो. जुन्या पोथ्यांची काजळी-डिंकाची शाई वरवर हिच्यासारखी वाटली, तरी ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. डिंक जिभेच्या, म्हणजे निबखालून तिला शाई पुरवणाऱ्या भागाच्या, खाचांत सुकतो आणि पेन कायमचे बंद पडते.

कागद का बदल घडवतो

कागद हा वनस्पतितंतूंचा थर असतो. तंतूंमधल्या बारीक फटी पाणी ओढून घेतात. हे ओढणे आवरण्यासाठी लगद्यातच राळ-तुरटी किंवा एकेडीसारखे (अल्किल कीटीन डायमर) पाणी रोखणारे द्रव्य घालतात, शिवाय तयार कागदावर स्टार्चचा हात देतात. ही प्रक्रिया नीट झाली तर शाई जिथे टेकली तिथेच राहते. कमी पडली तर ती तंतूंच्या कडेने धावते आणि रेघेला केसाळ फाटे फुटतात. मराठीत यालाच ‘शाई फुटणे’ म्हणतात. महाराष्ट्रात हे ज्ञान यंत्राच्या कागदाआधीपासून आहे. जुन्नरी आणि दौलताबादी हातकागदाला खळ लावून वर गुळगुळीत दगडाने घोटत. घोटल्याने तंतू दबतात आणि खळीमुळे फटी बुजतात, म्हणून अशा कागदावर बोरूची रेघ कडेला धारदार राहते. खुलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा आहे. आज बाजारात मिळणारा पुष्कळसा हातकागद मात्र चित्रांसाठी किंवा निमंत्रणपत्रांसाठी केलेला असतो. त्याला पुरेशी खळ नसते आणि फाउंटन पेनने लिहिल्यास तो टीपकागदासारखा वागतो.

ग्रॅमवजनावरून, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या वजनावरून, कागद निवडणे ही सर्वांत मोठी चूक आहे. जपानचा तोमोए रिव्हर कागद ५२ ग्रॅमचा, म्हणजे साध्या फोटोकॉपी कागदाहून कितीतरी पातळ असूनही त्यावर शाई जवळजवळ फुटत नाही. उलट १०० ग्रॅमच्या जाड पण कमी खळीच्या कागदावर ती सहज फुटते. वजनाचा संबंध मुख्यतः अक्षर मागून दिसण्याशी आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात. एक, मागून अक्षराची सावली दिसणे. हा कागदाच्या पारदर्शकपणाचा परिणाम असतो. दोन, शाई प्रत्यक्ष पार जाऊन मागे ठिपके पडणे. हा खळीचा दोष असतो. तोमोए रिव्हरवर पहिली गोष्ट भरपूर दिसते आणि दुसरी क्वचित. (हा कागद तोमोएगावा कंपनीने बनवणे थांबवल्यावर सान्झेन कंपनी तो बनवू लागली. जुना व नवा कागद शाईशी अगदी सारखे वागत नाहीत, म्हणून नोंदीत कोणता ते लिहावे.)

कागदांची निवड

चाचणीला निदान चार कागद घ्यावेत आणि ते एकमेकांपासून दूरच्या स्वभावाचे असावेत. एक कठीण, न शोषणारा, उदा. तोमोए रिव्हर. एक गुळगुळीत वहीचा, उदा. ऱ्होडियाचा ८० ग्रॅम किंवा क्लेरफाँतेनचा ९० ग्रॅम (दोन्ही फ्रेंच वह्यांची नावे). एक रोजचा ७५ ग्रॅम फोटोकॉपी कागद. आणि एक शाळेच्या वहीचा साधा कागद, कारण बहुतेकांचे लिहिणे तिथेच होते. पाचवा म्हणून लेजर कागद जरूर घ्यावा. हिशेबाच्या चोपड्यांसाठी आणि न्यायालयीन कामासाठी पूर्वापार वापरला गेलेला हा कागद, हिरवा असो वा पांढरा, शाईने लिहिण्यासाठीच केलेला असतो. स्टेशनरीच्या दुकानात सुट्या तावांत तो स्वस्तात मिळतो आणि अनेक महागड्या वह्यांपेक्षा चांगले काम देतो.

शाळेच्या वह्यांचा कागद गठ्ठ्यागणिक बदलतो. त्याच नावाची वही सहा महिन्यांनी घेतली तर वेगळी निघू शकते, म्हणून खरेदीचा महिना लिहून ठेवावा. यंत्राच्या कागदाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. तयार होताना जाळीवर टेकलेली बाजू किंचित खरखरीत असते आणि तिच्यावर शाई अधिक पसरते. दोन्ही बाजूंवर एकेक ओळ लिहिल्याशिवाय कागदाला नापास करू नये.

पेनची तयारी

सर्व शायांसाठी एकच पेन वापरावे. मध्यम पोलादी निबचे, सहज उघडून धुता येणारे पेन सोयीचे. आधीची शाई उरली असेल तर निकाल फुकट जातो. साध्या पाण्याने धुऊन, मग पेलाभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब घालून जीभ त्यात पंधरा मिनिटे भिजवावी. पुन्हा स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावे. साबणाचा अंश राहिला तर शाईचा पृष्ठताण उतरतो आणि उत्तम कागदावरही ती फुटते, हा दोष मग शाईच्या माथी बसतो. धुतलेले पेन निब खाली करून टीपकागदावर रात्रभर ठेवावे. जिभेत पाणी राहिले की पहिला अर्धा तास फिक्या शाईची चाचणी होते.

अर्धा मिलिलिटर शाई पुरते. ती बोथट सुईच्या सिरिंजने कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनमधल्या काढता येणाऱ्या शाईच्या नळीत, भरावी. निब दौतीत बुडवून भरले असेल, तर जीभ तुडुंब असते आणि सुरुवातीच्या ओळी गडद येतात. निब पुसून चार-पाच ओळी रद्दी कागदावर लिहाव्यात, मगच चाचणीला बसावे. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच अडथळा उलट कारणाने येतो. टोपण नीट बसत नसेल, तर जिभेतले पाणी उडून शाई दाट झालेली असते.

काचेचा टाक धुवायला सोपा म्हणून पुष्कळांना आवडतो. रंग पाहायला तो ठीक, पण तो कागदावर फाउंटन पेनपेक्षा बरीच जास्त शाई सोडतो, त्यामुळे वाळण्याचा वेळ आणि फुटणे यांसाठी त्याचा आधार घेऊ नये. कापसाच्या बोळ्याने फासलेल्या पट्ट्याचेही तसेच. पट्ट्यावर खोल निळी दिसणारी शाई बारीक निबमधून करडी उमटू शकते.

लेखनाचा नमुना

इंग्रजी वर्णमालेच्या ठरावीक वाक्यांवर अवलंबून राहिल्यास मराठी लिहिणाऱ्याला निम्मेच कळते. देवनागरीत शिरोरेघ आहे. लांब आडवी रेघ सलग ओढताना शाईचा प्रवाह तुटतो की नाही ते तिथेच समजते, आणि शिरोरेघ व उभी रेघ जिथे मिळतात तिथे दुप्पट शाई साचून फुटणे आधी दिसते. छ, ठ, ळ, क्ष, ज्ञ, द्ध यांची पोटे बारीक असतात. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरात ही पोटे मोकळी राहिली तर तो कागद-शाईचा जोड रोजच्या लिखाणाला चालतो. ‘ज्ञानेश्वर, शुद्ध, लक्ष्मण, छत्री, काठ, बाळ’ अशी शब्दओळ प्रत्येक कागदावर तीच आणि त्याच आकारात लिहावी. खाली एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी, एक सावकाश ओढलेली नागमोडी रेघ आणि एक झटकन ओढलेली रेघ काढावी. सावकाश रेघेत शाई जास्त उतरते, म्हणून शेडिंग, म्हणजे एकाच रेघेतला फिका-गडदपणा, तिथे वाचता येतो.

प्रत्येक तावावर एक ओळखीची शाई जोडीला असावीच. सहज मिळणारी कॅमलची रॉयल ब्लू यासाठी चांगली. (१९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचा आरंभच ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या व वड्यांनी झाला होता.) नवी शाई फुटली आणि तुलनेची शाईही फुटली, तर दोष कागदाचा. नवीच फुटली तर शाईचा. ही जोड नसलेल्या नोंदी वर्षभराने परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.

वाळण्याचा वेळ

सहा जाड रेघा एकाखाली एक ओढाव्यात. प्रत्येक रेघ ओढल्यापासून अनुक्रमे ५, १०, १५, २०, ३० आणि ६० सेकंदांनी तिच्यावर टीपकागदाची स्वच्छ पट्टी एकदाच टेकवून उचलावी. बोटाने पुसण्याची सवय सर्रास आढळते, पण बोटाचा दाब बदलतो आणि तेल लागते. फोटोकॉपी कागदावर पाच-दहा सेकंदांत वाळणारी शाई तोमोए रिव्हरवर अर्धा मिनिट किंवा त्याहूनही जास्त वेळ ओली राहते. यात दोष कोणाचाच नाही. कागद पाणी ओढत नाही म्हणून ते हवेत उडावे लागते, आणि रंग वर राहतो म्हणूनच तिथे शेडिंग व शीन दिसते. शीन म्हणजे पृष्ठभागावर घट्ट बसलेल्या रंगाची वेगळीच चमक, बहुधा निळ्यावर तांबडी. खूप शीन देणारी शाई वाळल्यावरही घामट हाताने पुसली जाते, म्हणून चोवीस तासांनी आणि महिन्याने रेघेवरून बोट फिरवून पाहावे. इथे मात्र बोटच हवे.

हवेचा परिणाम मोठा असतो. कागदाच्या चाचण्यांसाठी २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण धरतात. उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के चालतात. जुलैतल्या मुंबईत किंवा कोकणात आर्द्रता याच्या खूप वर असते. कागद आधीच ओला असतो, शाई जास्त फुटते आणि वाळायला वेळ लावते. एप्रिलमधल्या नागपूरच्या निकालाशी त्याची तुलना करू नये. घरी आर्द्रतामापक नसेल तर तारीख आणि गाव तरी लिहावे. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा आणि चाचणीआधी तासभर उघडा ठेवावा.

पाणी आणि ऊन

पाण्याच्या चाचणीआधी लिखाण किमान चोवीस तास वाळू द्यावे. लोह-टॅनिन शाईला आठवडा द्यावा, कारण तिचे काळे होणे तोवर चालू असते. रेघांच्या जाळीवर ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाकून एका मिनिटाने टिपावेत. दुसरी पट्टी अर्धी पाण्यात दहा मिनिटे बुडवावी. पाणी शुद्ध केलेले घ्यावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी बहुधा अल्कधर्मी असते आणि काही रंग त्यात बदलतात. धुऊन निघेल ते निघेल, उरलेली रेघ वाचता येते का एवढेच पाहायचे. लोह-टॅनिन शाईतला वरचा निळा रंग जातो आणि करडी-काळी रेघ राहते. पेलिकन या जर्मन कंपनीच्या ४००१ ब्लू-ब्लॅकमध्ये हे दिसते. साधी रॉयल ब्लू जवळजवळ पूर्ण जाते. धनादेश किंवा करारावर ती वापरू नये.

उन्हासाठी पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकून खिडकीच्या काचेला लावावी आणि पहिला, दुसरा, तिसरा महिना नोंदवावा. तशीच एक पट्टी बंद वहीत ठेवावी. महाराष्ट्रात हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी चांगले ऊन देते, पण मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि तिथे ऊनच पोचत नाही. तेव्हा पश्चिमेची खिडकी घ्यावी. जांभळे आणि गुलाबी रंग बहुधा सर्वांत आधी उडतात.

घटकरंग वेगळे करणे

गाळणकागदाची २ × १० सेंटिमीटरची पट्टी कापून तळापासून दोन सेंटिमीटरवर शाईचा ठिपका द्यावा. तो वाळला की तळाचा एक सेंटिमीटर पाण्यात राहील अशी पट्टी उभी टांगावी. पंधरा-वीस मिनिटांत पाणी वर चढते आणि रंग वेगळे होतात. काळ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा निघालेला पाहिला की स्वस्त कागदावर तिच्या फाट्यांच्या कडा रंगीत का दिसतात, ते समजते. रंजककणांचा ठिपका जागचा हलत नाही.

वारंवार होणारे दोष

एखाद्या शब्दावर अचानक रेघ तुटत असेल तर आधी कागदावर हात टेकला होता का ते पाहावे. तळहाताचे तेल लागले की शाई तिथे धरत नाही. लिहिताना हाताखाली कोरा कागद ठेवल्यास हे टळते. पेलिकन ४००१ ची मालिका कमी वाहणारी आणि पायलटची इरोशिझुकू सढळ वाहणारी मानतात. त्यामुळे एकीच्या नोंदी कोरड्या (कमी शाई सोडणाऱ्या) पेनने आणि दुसरीच्या ओल्या (जास्त शाई सोडणाऱ्या) पेनने घेतल्या तर फरक पेनचा निघतो, शाईचा नाही. दौतीत पांढरट तरंग, बुळबुळीत धागे किंवा कुबट वास आला तर ती शाई फेकावी. बुरशी पेनमधून दुसऱ्या दौतीत जाते. दोन शाया मिसळून पाहायच्या असतील तर काचेच्या कुपीत दोन-दोन थेंब मिसळून दिवसभर ठेवावेत. आम्लधर्मी व अल्कधर्मी शाया एकत्र आल्या की तळाशी गाळ बसू शकतो, आणि तो जिभेत बसला तर काढणे कठीण.

छायाचित्रात फिरोजी व जांभळ्या छटा खऱ्या येत नाहीत. ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. दिवसाच्या सावलीत, पांढऱ्या कागदाचा तुकडा चौकटीत ठेवून फोटो घ्यावा. तरीही मूळ तावच जपून ठेवावा, त्यावर शाई, पेन, निब, कागद, तारीख आणि गाव लिहून.