पांढरपेशा आणि मध्यमवर्गीय: दोन शब्दांची कुळं

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये यंत्रावर उभा राहणारा कामगार पांढरपेशा की नाही, यावर वाद होईल. त्याला मध्यमवर्गीय म्हणायला मात्र कुणाची हरकत नसते. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात, पण त्यांची कुळं वेगळी.

‘पेशा’ फारसी, अर्थ धंदा, व्यवसाय. (पेशव्यांशी नातं जोडायचा मोह होतो, पण तिथला ‘पेश’ म्हणजे पुढे.) ‘पांढर’ साधारणपणे कपड्यांवरून आलं असं मानतात. ज्याचे कपडे कामात मळत नाहीत तो पांढरपेशा, मग खिशात काही असो वा नसो. कोकणच्या जुन्या महसुली दप्तरांत तर ही सरळ वर्गवारीच होती. ब्राह्मण, प्रभू वगैरे खातेदार पांढरपेशे, आणि त्यांना कुणब्यांपेक्षा शेतसारा हलका. कारण काय, तर ते स्वतः नांगर धरत नाहीत, गडी लावावे लागतात! शब्दाला जातीचा जो वास आहे तो असा जुना.

‘मध्यमवर्ग’ हा इंग्रजी अमदानीतला उल्था. युरोपात जमीनदार आणि मजूर यांच्या मधले ते व्यापारी नि कारखानदार. फ्रेंच ‘बुर्ज्वा’ तर मुळात तटबंदीच्या गावचा रहिवासी. इकडे ‘मध्यमवर्ग’ हा शब्द बसला कारकून, मास्तर, वकील यांच्या अंगावर, म्हणजे पांढरपेशांवरच. घोळ तिथे सुरू झाला.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याने तो उघडा पाडला. तेलकट डांगरी घालणारा कायम कामगार कर्ज काढून सिडकोत घर घेऊ लागला: मध्यमवर्गीय, पण पांढरपेशा नव्हे. निफाडचा द्राक्षबागायतदार कितीही मोठा असला तरी त्याला पांढरपेशा कुणी म्हणत नाही.

सरकारी कागदावर फक्त उत्पन्न बघतात. पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) 2017च्या व्याज अनुदानात मध्यम उत्पन्न गट वार्षिक 6 ते 12 आणि 12 ते 18 लाख असा दुहेरी होता. 2024च्या दुसऱ्या टप्प्यात तो 6 ते 9 लाख. अर्जदार चुकतात ते इथे: स्वतःचा पगार धरतात. हिशेब कुटुंबाचा असतो, नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून. शिवाय देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्कं घर असेल, तर अर्ज बाद.