वेलदोडा २०० ग्रॅम शिल्लक, तरी ‘साठा अपुरा’ का?

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या किराणा आणि मसाल्याच्या दुकानदारांसाठी

बरणीत वेलदोडा ०.३ किलो. सकाळी त्यातला ०.१ किलो गेला. दुपारी गिऱ्हाईक ०.२ किलो मागतं. स्क्रीनवर शिल्लक ०.२०० दिसते, पण बिल करायला गेलं की ‘साठा अपुरा’! अशा वेळी काटा दुरुस्तीला पाठवू नका आणि काउंटरवरच्या पोरालाही रागावू नका. चूक आमच्या जुन्या आवृत्तीची आहे.

कॉम्प्युटर अपूर्णांक साठवतो ते अर्धा, पाव, अर्धपाव, पुन्हा त्याचा अर्धा अशा तुकड्यांची बेरीज करून. एक दशांश या तुकड्यांत नेमका बसतच नाही. १ ला ३ ने भागल्यावर ०.३३३… संपत नाही, तसंच. ५३ द्विमान अंकांनंतर (म्हणजे ० किंवा १ अशा अंकांनंतर) जागा संपते आणि बारीकसा फरक उरतो. म्हणून ०.३ वजा ०.१ चं उत्तर आत ०.१९९९९९९९९९९९९९९९८ असं येतं. स्क्रीन तीनच दशांश स्थळं दाखवतो, त्यामुळे तुम्हाला ०.२०० दिसतं. तुलना मात्र आतल्या आकड्याशी होते, आणि तो मागणीपेक्षा कणभर कमी भरतो.

गंमत म्हणजे पाव, अर्धा, पाऊण किलोत हा घोटाळा होत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधीचा सोळा आण्यांचा रुपयाही कॉम्प्युटरला सहज पचला असता!

नव्या आवृत्तीत वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांकातच ठेवली आहे. ३०० वजा १०० म्हणजे २००, विषय संपला. केशरासारख्या मालासाठी मिलिग्रॅम निवडता येईल. दराचा गुणाकारही पैशांतच होतो आणि पूर्णांकन प्रत्येक ओळीला एकदाच, शेवटी.

जुना साठा आपोआप ग्रॅममध्ये बदलेल. इथे नुसती दशांशाची शेपटी छाटली असती, तर तुमचे २०० ग्रॅम १९९ झाले असते. म्हणून जवळचा पूर्ण ग्रॅम धरला आहे. अपडेट दुकान वाढवल्यावरच करा, आणि आधी बॅकअप घ्या. दुसऱ्या दिवशी सुट्या मालाच्या चार-पाच बरण्या मोजून आकडे जुळवून पाहा.

साठ्याचा हिशोब एक्सेलमध्येही ठेवत असाल, तर दोन आकडे सारखे आहेत का हे तपासण्याआधी दोन्हींना ‘राउंड’ लावा.